थोरलीचं वजन

“विभा, तू पुढे हो. आज थोरली तुझ्याच हातात द्यावी लागणार,” लोहोकरे सर म्हणाले.

सकाळचे साडेसात वाजले होते, एप्रिल संपत आला होता. धारेच्या कड्याकडे जाणारी पाऊलवाट एका घळीपाशी तुटते, तिथे आम्ही तिघं उभे होतो. सर, मी आणि कड्याखालच्या ठाकरवाडीतली हिराबाई. घळ तशी काही मोठी नव्हे. मोकळ्या हातांनी एक ढांग टाकली की माणूस पलीकडे. पण खाली दोन पुरुष खोल फट, आणि पलीकडची पायरी जेमतेम वीतभर. ओझं घेऊन ती कोणी ओलांडत नसे. आधी एकानं जायचं, मग ओझं हातोहात द्यायचं, मग दुसऱ्यानं यायचं. दरवर्षी सर अलीकडून थोरली पुढे करत आणि हिराबाई पलीकडून घेई. आज हिराबाईचं मनगट मुरगळलेलं होतं. कसलासा पाला वाटून तिनं ते फडक्यात करकचून बांधलं होतं.

थोरली म्हणजे सरांची मोठी टेलिफोटो लेन्स. सहाशे मिलिमीटरची, सहा किलो वजनाची, लांबीला तान्ह्या पोराएवढी. एक धाकटीही होती, पण ती पिशवीत मावे आणि तिचं फारसं कौतुक नव्हतं. सर नाशिकला शाळेत चित्रकला शिकवायचे, मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. सिन्नरकडचा प्लॉट विकून त्यांनी थोरली घेतली होती. “लोक पोरीच्या लग्नाला जमीन विकतात, ह्यांनी काचेला विकली,” असं सरांच्या पत्नी, आमच्या काकू, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, आणि ऐकवता ऐकवता आपल्याच जुन्या लुगड्याची गोधडी तिच्यासाठी शिवायच्या. त्या गोधडीत गुंडाळून थोरली एसटीनं प्रवास करायची, सरांच्या मांडीवर बसून. आदल्याच दिवशी कंडक्टरनं विचारलं होतं, “हिचं हाफ काढू का, गुरुजी?”

तिला हाताळायचे सरांचे कायदे होते आणि त्यात सूट नव्हती. तिच्या पोटाखाली धातूचा एक पाय असतो, तो तिपाईवर बसतो. धरायचं ते त्या पायाला. उजव्या मुठीत पाय, डावा तळवा पोटाखाली. कॅमेरा लेन्सला लटकला तर चालेल, लेन्स कॅमेऱ्याला लटकता कामा नये, कारण सगळा भार जोडावर येतो आणि जोड वाकतो. चालताना तिचं तोंड जमिनीकडे. तिपाईसकट तिला बंदुकीसारखी खांद्यावर टाकून मिरवणाऱ्या हौशी मंडळींना सर ‘शिपाई’ म्हणायचे. पण सगळ्यात कडक कायदा होता तो देण्याघेण्याचा. देणाऱ्यानं विचारायचं, “आली?” घेणाऱ्यानं वजन अंगावर आल्यावरच म्हणायचं, “आली.” तोवर देणाऱ्याचा हात सुटत नाही.

आदल्या वर्षी फेब्रुवारीत मी नेमका हाच कायदा मोडला होता. नांदूरच्या पाण्यावर आम्ही होडीतून उतरत होतो. मी काठावर, सर होडीत. माझी बोटं थोरलीला लागली न लागली तोच मी “आली” म्हणून मोकळी झाले. सरांनी सोडली. थोरली धाडकन होडीच्या फळीवर आदळली. काच वाचली, पण तोंडाची कड चेपली. त्यांनी ती उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि गोधडीत गुंडाळली. त्या दिवसापासून त्यांनी थोरली माझ्या हाती दिली नाही. मी तिपाई वाहायची, पाण्याच्या बाटल्या वाहायची, डबे वाहायची. ते रागावले असते तर बरं झालं असतं. न रागावता माणूस किती शिक्षा करू शकतो ते मी चौदा महिने भोगत होते.

आणि आता, नेमक्या ह्या दिवशी, ती मला घ्यायची होती. त्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची एकच जोडी उरली होती. सरांनी पहिल्यांदा मोजली तेव्हा तिथे तेवीस घरटी होती. मग एकेक करत ओस पडली. सात वर्षांत त्या जोडीचं एकही पिल्लू जगलं नव्हतं, ह्या वर्षी एक जगलं. हिराबाईनं माघापासून त्याच्यावर डोळा ठेवला होता आणि एसटीच्या ड्रायव्हरबरोबर सरांना निरोप धाडला होता, “पोर पंख मारतंय, दोन-तीन दिसांत जाईल.” सरांनी त्या पक्ष्यांची सगळी छायाचित्रं काढली होती. फक्त एक राहिलं होतं, पिल्लाचे पाय कड्यावरून पहिल्यांदा सुटतानाचं. पुढच्या वर्षी घरटं असेल, जोडी असेल, ह्याची हमी कोण देणार? जे काही व्हायचं ते ह्याच एक-दोन दिवसांत.

मी ढांग टाकून पलीकडे गेले, पाठ दगडाला टेकवली, पाय रोवले. सरांनी गोधडी काढून हिराबाईच्या खांद्यावर टाकली. थोरलीच्या पायाचा स्क्रू चाचपला, एकदा, दोनदा, तीनदा. मग पाय माझ्या दिशेला करून त्यांनी थोरली पुढे धरली.

ती माझ्यासमोर आलीच नाही. माझ्या हातांपासून वीतभर डावीकडे, नुसत्या हवेत त्यांनी ती धरली होती. परीक्षा घेताहेत, असं मला वाटलं. मी डावीकडे झुकले, पाय मुठीत घेतला आणि तळवा पोटाखाली सरकवला.

“आली?”

मी बोलले नाही. हात लागला होता, वजन आलं नव्हतं. मी तिला छातीशी ओढली, तेव्हा ते आधी कोपरात उतरलं, मग खांद्यात, मग टाचेत.

“आली.”

सरांनी सोडली नाही.

“आली, सर.”

तरी नाही. फटीच्या वर ती आमच्या चार हातांत होती आणि सरांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. ते माझ्याकडे बघतही नव्हते, माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघत होते.

“मास्तर, पोर सांगती ना आली म्हणून,” मागून हिराबाई म्हणाली. “सोडा आता. का तिच्यासंगं तुमी बी लोंबकाळणार?”

तेव्हा कुठे त्यांची बोटं सुटली. थोरली माझ्या छातीशी आली. ज्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली होती तो आला, आणि मला रडू येत होतं. दोनदा सांगूनही माझ्या शब्दाची एवढीच किंमत, असं वाटलं.

पुढची वाट सपाट होती. सर मागे राहिले, एक हात कड्याला लावून सावकाश येत होते. हिराबाईनं माझा चेहरा वाचला असावा.

“मनाला नको लावून घेऊ बाय. ह्यो कायदा मास्तरला मीच शिकवला.”

“तुम्ही?”

“मंग? पहिल्यांदा हिकडं आला तवा मी मोळी घेऊन जात व्हते. टेकायला खाली ठेवली, आन उचलायला म्हनलं, मास्तर, जरा हात लावा. त्यानं उचलून डोईवर ठेवली आन दिली सोडून. माझी मान अजून सावरायची व्हती. मोळी पडली ती माझ्या पायावर. नख काळं पडलं, म्हैनाभर लंगडत व्हते.” ती हसली. “तवा सांगितलं त्याला. आमी बाया हंडा देताना इचारतो, आला? ती आला म्हनंस्तोवर हात काढायचा नाय. हात लागला म्हंजी वजन आलं नाय, मास्तर. त्यानं वहीत लिहून घेतलं. मास्तरच त्यो.”

मला हसू आलं. सहा किलोच्या विलायती लेन्सचा कायदा ठाकरवाडीच्या पाणवठ्यावरून आला होता, आणि हे सरांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

आमची जागा म्हणजे अलीकडच्या डोंगराच्या पोटातली एक कपार होती, तीन माणसं जेमतेम बसतील एवढी. समोर दरी, आणि दरीपलीकडे धारेचा कडा. उभ्या काळ्या कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ, आणि त्यांच्या वर एका खोबणीत पिल्लू. मी तिपाई मांडली, थोरली बसवली, स्क्रू तीनदा चाचपला. सर मागे बसले, डोळा लावला, रिंग फिरवली. मी बाजूला सरकले. आपलं काम झालं, असं मनाला बजावलं.

साध्या डोळ्यांनीही पिल्लू दिसत होतं. पिल्लू म्हणायचं ते रीतीपुरतं, आकारानं ते आईबापाएवढंच होतं. डोक्यावर अजून पांढरी लव होती. मधूनच ते पंख उघडे आणि मग त्या खोबणीत दुसरं काही मावत नसे. ते आपल्याच पंखांना दचकून पुन्हा मिटून घ्यायचं. वर आईबाप गोल गोल फिरत होते, पंख न हलवता.

“वारा तापला का जाईल,” हिराबाई म्हणाली.

साडेनऊला वारा तापला. दरीतून ऊन हवा वर यायला लागली, वाळकी पानं उलटी वर चढू लागली. पिल्लू खोबणीतून निघालं आणि कातळाच्या एका जिभेवरून पुढे पुढे येऊ लागलं.

“मास्तर, पोर कडंला आलं.”

“दिसतंय,” सर म्हणाले.

पण थोरली हलली नाही. तिचं तोंड रिकाम्या खोबणीवरच होतं, आणि पिल्लू तिथून चार हात डावीकडे होतं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी सरांचा चेहरा पाहिला, मग थोरली, मग कडा.

“सर, ते डावीकडे गेलंय.”

सरांनी रिंग पुन्हा एकदा फिरवली. मग डोळा काढला आणि उठले.

“विभा, तू बस इथे.”

“म्हणजे?”

“मला मधलं दिसत नाही ग. कडेकडेचं दिसतं. जिथे बघावं नेमका तिथेच डाग. डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी आहे, डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही. दीड वर्ष झालं.”

दीड वर्ष. मी मनात महिने मागे मोजत गेले आणि नांदूरच्या होडीपाशी थांबले. सरही तिथेच पोचले असावेत.

“नांदूरला तू ‘आली’ म्हणालीस ते लवकरच म्हणालीस,” ते म्हणाले. “पण मी काही नुसत्या शब्दावर सोडत नसे. घेणाऱ्याची बोटं बघायचो, पाय मुठीत आलाय की नाही ते. त्या दिवशी मला तुझी बोटं दिसली नाहीत. तरी सोडली. दिसत नाही म्हणायची लाज वाटली.”

“आणि मग वर्षभर मला तिपाई दिलीत.”

“तुझ्या हातांची भीती नव्हती वाटत. माझ्या हातांची वाटत होती.”

मला संताप आला, खोटं कशाला सांगू. चौदा महिने मी रात्री-अपरात्री तो फळीचा आवाज ऐकला होता. एका वाक्यात ते मला सोडवू शकले असते. आणि त्याच क्षणी फटीवर वीतभर बाजूला धरलेली थोरली आठवली. न दिसणाऱ्या हातांत आपलं सर्वस्व सोडायचं होतं त्यांना. राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

“भांडन खाली जाऊन करा,” हिराबाई म्हणाली. “पोर उठलंय.”

मी बसले. डोळा लावला, थोरली डावीकडे फिरवली, रिंग फिरवली आणि धुक्यातून एकदम तो पक्षी माझ्या पुढ्यात आला.

तसं मी पुन्हा काही पाहिलं नाही. एकेक पीस वाऱ्यावर वेगळं थरथरत होतं. मानेवरची लव उलटी फिरत होती. डोळा काळा, ओला, आणि त्यात समोरची दरी चमकत होती. नखं कातळाला घट्ट रुतली होती. त्या जिवानं जन्मापासून एवढाच दगड पाहिला होता आणि आता त्याला तो सोडायचा होता. हे मी बघावं अशी माझी काय लायकी, असंच वाटलं.

“सांग,” सर हलक्या आवाजात म्हणाले.

“टोकावर आहे. मान खाली घातलीय, दरीत बघतंय.”

“पंख?”

“अर्धे. आता पूर्ण. वारा त्याला उचलतोय, पण नखं सोडत नाहीये.”

“नखांवर ठेव. बाकी सगळं विसर.”

मी नखांवर ठेवलं. एक पाय सैल झाला, पुन्हा रुतला. मग ते पुढे कललं आणि मी बटण दाबलं, दाबत राहिले. ते उडालं नाही. ते पडलं. पंख विस्कटलेले, पाय लोंबलेले, असं ते दगडासारखं खाली गेलं आणि कपारीच्या कडेआड दिसेनासं झालं.

“काय झालं?” सर म्हणाले.

हिराबाईनं पदर तोंडाला लावला होता. वरच्या दोघांपैकी एक दरीत उतरला, तोही दिसेनासा झाला. सात वर्षांतलं एकच पोर, आणि आम्ही ते मरताना पाहायला आलो होतो, असं माझ्या मनात आलं. दरीत काही हालचाल नव्हती.

“विभा, सांग ना.”

“पडलं, सर.”

मग खालून आवाज आला. जाड कापड कोणीतरी वाऱ्यात ताणून धरावं तसा. आणि आमच्या पायांखालून, कपारीपासून दहा हातांवर, ते वर आलं. पंख ताठ उघडे, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत आमच्या कपारीएवढं. ते काहीच करत नव्हतं. ऊन हवा त्याला हळूहळू उचलत होती आणि त्यालाही ते आत्ताच समजलं असावं, कारण ते मान इकडेतिकडे वळवून आपल्याच पंखांकडे बघत होतं. मी थोरली वळवली, पण तिच्यात नुसता करडा रंग भरला. इतक्या जवळचं तिला दिसत नाही. मी डोळा काढला.

“सर, समोर आहे. आपल्या अगदी समोर.”

सरांनी तोंड फिरवलं. कपारीच्या भिंतीकडे, पार कातळाकडे. त्यांना सहन होत नाही, असं वाटून मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

“सर, इकडे बघा.”

“बघतोय,” ते म्हणाले. “आता बोलू नकोस. बघतोय.”

तेव्हा मला उमगलं. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, पण डोळ्याच्या कडेनं ते त्याच्याकडेच बघत होते. डाग त्यांनी कातळावर ठेवला होता आणि पक्षी कडेला घेतला होता. पिल्लू वर चढत गेलं तशी सरांची मान सावकाश वळत गेली, नेहमी त्याच्यापासून थोडी दूर. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. हिराबाईनं बांधलेला हात दुसऱ्या हाताला जोडला होता. पिल्लू आईबापांच्या गोलात जाऊन मिसळलं आणि मग तिघांतलं कुठलं कोण ते मलाही सांगता येईना.

परतताना घळीपाशी सर हिराबाईचा चांगला हात धरून आधी पलीकडे गेले. मी अलीकडून थोरली पुढे केली, त्यांचा हात धरून तिच्या पायावर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, “आली?” त्यांनी डोळे मिटले. तिला छातीशी घेतलं, थांबले. मग म्हणाले, “आली.” मी त्यांची बोटं पाहिली. पाय मुठीत होता. मी सोडली. मी पलीकडे पोचल्यावर त्यांनी न सांगता ती माझ्याकडे दिली, आणि तेव्हापासून आज बावीस वर्षं ती माझ्याकडेच आहे. दुरुस्तीवाला दर वेळी विचारतो, मॅडम, ही चेपलेली कड सरळ करून देऊ का. मी नको म्हणते.

रोल धुऊन आला तो आठ दिवसांनी. चौदा फ्रेम होत्या. बारा कामातून गेल्या होत्या, एकीत नुसता कडा होता. राहिलेल्या एकीचा मोठा फोटो करून मी सरांच्या घरी गेले. काकूंनी चहा टाकला. सरांनी फोटो घेतला, खिडकीपाशी नेला, आपल्या कानशिलाजवळ धरला आणि तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे केलं. मी वाट पाहत उभी राहिले. चहा निवला.

“दोन्ही पाय सुटलेत,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“एकही नख दगडाला नाही?”

“एकही नाही.”

त्यांनी मान हलवली. मग फोटो माझ्यापुढे धरला, माझ्या हातापासून वीतभर डावीकडे. मी हात तिकडे नेला आणि कागद बोटांत धरला.

“आला?” त्यांनी विचारलं.

कागदाला ते कसलं वजन. तरी मी लगेच बोलले नाही. ते येईपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, “आला, सर.”

त्यांनी सोडला.